घड्याळाच्या गालावरची तीट

काळ कुणाच्याही मालकीचा नसतो. राजे आले, राजे गेले, पण काळाने कुणाची चाकरी पत्करली नाही. हे मी एका कीर्तनात ऐकलं होतं आणि बरीच वर्षं खरं धरून चाललो होतो. पुढे मुंबईच्या एका वकिलाची नोटीस आली, तेव्हा कळलं की काळ मोकळा असला तरी त्याचा चेहरा मालकीचा असू शकतो. ती मालकी पाच वर्षांची असते. फी भरली की आणखी वाढवून मिळते.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान कर्जत स्टेशनच्या बाहेर होतं. घाट चढायचा म्हणून गाडीला मागून आणखी इंजिन लावत. तेवढा वेळ उतारू खाली उतरून पाय मोकळे करत, आणि जाता जाता माझ्या दुकानातल्या घड्याळाकडे बघून आपलं घड्याळ जुळवत. त्या काळात हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. रेल्वे चालायची ष्टँडर्ड टाइमावर. मुंबईची म्युनिसिपालिटी आपल्या जुन्या मुंबई टाइमाला धरून बसली होती, आणि तो रेल्वेच्या अर्धा तास नि वर थोडा मागे असे. त्यामुळे वाजले किती असं कुणी विचारलं, की आधी ‘कुणाचे?’ असं विचारावं लागे. दोन साहेबांचं भांडण होतं आणि मध्ये आम्ही किल्ली देत होतो.

तिसरी वेळ माझ्या सासऱ्यांची. ते खालापूरचे जोशी. पंचांग, पत्रिका, मुहूर्त हा त्यांचा व्यवसाय. त्यांना रेल्वे आणि म्युनिसिपालिटी दोन्ही सारख्याच उपऱ्या वाटत. दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घटकांनी मोजायचा असतो, यापलीकडे त्यांना काही मान्य नव्हतं. लग्नघरी ते पाण्याने भरलेलं घंगाळ मांडत आणि त्यात तांब्याची एक लहान वाटी सोडत. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी हळूहळू आत शिरे, वाटी भरून बुडे, की झाली एक घटका. आमच्या हिशेबात चोवीस मिनिटं. मी घड्याळं दुरुस्त करतो हे ते चारचौघांत सांगत नसत. ‘जावई काय करतात?’ असं कुणी विचारलंच तर म्हणत, ‘कर्जतला असतात.’

त्यांची मुलगी माझी बायको. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हापासून पत्रिका तीच लिहून देत असे. लग्नानंतरही लग्नसराईत ती आमच्या भिसेगावच्या घरून माहेरी जाई, बोरू आणि शाई घेऊन, आणि वडील सांगतील तसे ग्रह घरांत बसवून येई. तिचे आकडे मी पहिल्यांदा आमच्याच पत्रिकेत पाहिले. दोघांच्याही पत्रिका तिच्याच हातच्या होत्या, म्हणजे गुण जुळवताना कागद तरी एकमेकांना ओळखत होते. तिचा पाच जरा मागे रेलून बसायचा, जेवण झाल्यावर माणूस भिंतीला टेकतो तसा. सात अगदी ताठ. नऊची शेपटी ती लांब सोडायची आणि टोकाला हलकेच वर उचलायची. अक्षर पाहून माणसाचा स्वभाव कळतो म्हणतात. मला काही कळला नाही. मी नुसतं बघत बसलो.

मग एका लग्नात घोटाळा झाला. वाटी बुडाली आणि सासऱ्यांना दिसलीच नाही. ते घंगाळाकडे तोंड करून गंभीरपणे बसले होते. गंभीर माणसाला हटकायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे कुणी बोललं नाही. मुहूर्त निघून गेला, अक्षता उशिरा पडल्या. त्या जोडप्याचा संसार पुढे उत्तम झाला, पण हे सासऱ्यांचं समाधान होण्याजोगं कारण नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बायको माहेरून भिसेगावला परतली. दोन दिवसांनी दुपारचा डबा घेऊन दुकानात आली आणि मी भिंग लावून बसलो होतो तिथं वाकून उभी राहिली.

“अहो, तुमच्या घड्याळाला घटका कळत नाहीत का?”

“घड्याळाला काहीच कळत नाही. आपण सांगू ते दाखवतं.”

“मग सांगा की त्याला. बाबांना नाही दिसलं तरी घड्याळ शेजारचा कुणीही वाचून सांगेल.”

“घटका सूर्योदयापासून मोजायच्या. सूर्य रोज वेगळ्या वेळी उगवतो. काटा काय रोज काढून बसवायचा?”

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि ते डब्याच्या तोंडावर ठेवून बोटाने गोल फिरवलं. “काटा कशाला हलवायचा? बाहेरचं फिरवा.”

मी घड्याळाच्या धंद्यात लहानपणापासून होतो. हे मला सुचलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही, म्हटलं, “बघू.” ती हसली. ‘बघू’ म्हणजे काय हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

करायचं होतं ते असं. खिशातल्या घड्याळाची तबकडी काढून तिथे नवी बसवायची, आपल्या आकड्यांची. तिच्याभोवती, काचेच्या आत, पितळेचं एक पातळ कडं. कड्यावर तीस घटकांच्या खुणा, कारण बारा तासांत घटका तीसच होतात. सकाळी सूर्य उगवला की काच उघडायची आणि नखाने कडं फिरवून त्याचं शून्य तासकाट्यापुढे आणायचं. मग दिवसभर तोच काटा आत तास दाखवतो आणि बाहेर घटका. कडं बाजारातल्या तांबटाने करून दिलं. हे कुठल्या देवाला घालायचं, असं त्याने दोनदा विचारलं.

तबकडीवरचे आणि कड्यावरचे आकडे तिने काढले. दुकानाच्या मागच्या बाजूला, दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला होता. ती श्वास रोखून आकडा काढायची आणि तो झाल्यावर एवढा मोठा सुस्कारा टाकायची की समोरच्या पानवाल्यालाही कळे, एक आकडा पुरा झाला. पहिल्याच तबकडीवर नऊ काढून तिने कुंचला उचलला आणि तेवढ्यात मालगाडीला मागून इंजिन येऊन भिडलं. दुकान हादरलं. नऊच्या शेजारी एक काळा ठिपका पडला.

“गेलं सगळं,” ती म्हणाली. “पुसून टाकते.”

“पुसशील तर नऊही जाईल. राहू दे.”

“लोक विचारतील हे काय म्हणून.”

“तीट लावली म्हण. दृष्ट लागू नये.”

तिने घड्याळ हातात धरून लांब केलं, जवळ आणलं. लहान मुलाचा चेहरा बघावा तसं बघितलं. आम्हाला मूल नव्हतं. मग म्हणाली, “बरी दिसते,” आणि पुढच्या प्रत्येक तबकडीवर तिने नऊच्या शेजारी तो ठिपका मुद्दाम काढला.

पहिलं घड्याळ सासऱ्यांचं. पण त्यांच्या हातात ते लगेच पडलं नाही. खालापूरच्या देवीच्या देवळात एक रीत होती. घरातलं पहिलं जे काही असेल, भाताची पहिली लोंबी, व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, झाडाचा पहिला आंबा, ते चैत्रातल्या जत्रेत देवीपुढे ठेवायचं. एवढ्यावर भागत नसे. गुरव ती वस्तू उचलून जमलेल्या माणसांच्या हातात देई. ज्याच्या हातात आली त्याने कपाळाला लावायची, निरखायची, पुढे द्यायची. अशी ती सगळ्या जत्रेतून फिरून परत येई, मगच घरच्यांनी वापरायची. गावाच्या हातून फिरल्याशिवाय वस्तू घरची होत नाही, अशी समजूत. दुधाच्या बाबतीत यात अडचणी येत. पण रीत ती रीत.

“घड्याळ काय लोंबी आहे का?” मी म्हटलं.

“पहिलं आहे ना?”

“मुंबईत लोक नवी वस्तू कुलपात ठेवतात.”

“म्हणून तिथं कुणाला कुणाचं काही माहीत नसतं.”

जत्रेचा तो दिवस. मी अनेक समारंभ पाहिले आहेत. साहेबांच्या हस्ते झालेली उद्घाटनं पाहिली, हारांखाली गुदमरलेले अध्यक्ष पाहिले. कुठल्याच समारंभाने माझ्यावर फारसा परिणाम झाला नाही. त्या दिवशी मी देवळाच्या पायऱ्यांवर, तिच्या वहाणा सांभाळत उभा होतो. गुरवाने घड्याळ देवीपुढून उचललं आणि पहिल्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने कपाळाला लावलं, कानाला लावलं, आणि म्हणाला, “बोलतंय काय त्ये?”

गुरवाला सांगता येईना. सासऱ्यांना दिसत नव्हतं. तेव्हा ती पुढे झाली. वडीलधाऱ्यांसमोर कधी तोंड वर करून न बोललेली माझी बायको, डोक्यावरचा पदर सावरत, शाईने काळी झालेली बोटं लपवायचं विसरून, साऱ्या जत्रेला समजावू लागली. “दिवस उगवला की हे शून्य काट्यापाशी आणायचं. असं. आता तुम्ही फिरवा.” म्हाताऱ्याने फिरवलं. मग कासारणीने फिरवलं. मग डोंगरातल्या ठाकरवाडीहून करवंदं विकायला आलेल्या एका बाईने पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि फिरवलं.

“कंचा दिस उगवला म्हनायचा गं?” त्या ठाकरणीने विचारलं. “तुमचा का आमचा? आमच्या वाडीला सूर्य डोंगराआडून येतो, तुमच्यापरीस उशिरानं.”

“तुझा तू लाव,” बायको म्हणाली. “कडं फिरतं कशाला मग?”

सगळे हसले. घड्याळ हातोहात लांब गेलं, तीही त्याच्यामागे गर्दीत गेली. मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. पुन्हा पुन्हा तेच सांगत होती आणि दर वेळी नवं सांगितल्यासारखं सांगत होती. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने आणि बोलण्याने लाल झाला होता. “फिरून आलं,” ती म्हणाली, आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

पुढच्या दीड-दोन वर्षांत आम्ही तशी बरीच घड्याळं केली. आसपासच्या गावांचे जोशी घेऊन जात. एकदा घाट चढायच्या गाडीतून मुंबईचे एक व्यापारी उतरले. मोठे घड्याळवाले, विलायतेहून माल आणणारे. पोटावर सोन्याची साखळी अशी पसरली होती की सामान आधी आणि माणूस मागून येतोय असं वाटे. त्यांनी आमचं घड्याळ बघितलं, कडं फिरवलं, “वा, देशी बुद्धी!” असं म्हणून एक विकत घेतलं. तिला ती स्तुती आवडली. मलाही आवडली होती, हे लिहायला हवं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती गेली. हिवतापाने. कर्जतला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी जात असे. त्या वर्षी ती.

तिच्या मागे माझ्याकडे तिच्या हातचं काहीच उरलं नाही, हे माझ्या ध्यानात यायला काही महिने लागले. पत्रिका ज्यांच्या त्यांच्या घरी. घड्याळं विकली गेलेली. आमच्या दोघांच्या पत्रिका वाळवीने खाल्ल्या, त्याही माझ्या ग्रहांपासून सुरुवात करून. पहिलं घड्याळ सासऱ्यांकडे होतं. ते मागणं बरं दिसलं नसतं.

आणि मग काही वर्षांनी एक गिऱ्हाईक दुरुस्तीला घड्याळ घेऊन आलं. मी झाकण उघडलं. मागे रेललेला पाच. ताठ सात. नऊची वर उचललेली शेपटी, आणि शेजारी ठिपका. पण कुंचला फिरलेला नव्हता. छापलेलं होतं. त्या सोन्याच्या साखळीवाल्या व्यापाऱ्यांनी आमचं घड्याळ स्वित्झर्लंडला पाठवून तशा तबकड्या करून मागवल्या होत्या. तिकडचा कारागीर प्रामाणिक असला पाहिजे. त्याला वाटलं असणार, हिंदू लोकांत नऊला ठिपका देतात. त्याने प्रत्येक घड्याळाला तीट लावली होती.

पाठोपाठ नोटीस. या तबकडीची नोंदणी व्यापाऱ्यांच्या नावे कलकत्त्याच्या कचेरीत झाली आहे, सबब मी तशी घड्याळं करणं ताबडतोब थांबवावं. मी ती केव्हाच थांबवली होती. ज्या हाताने ती होत तो हात उरला नव्हता. पण नोटीस मानली असती तर तो चेहरा त्यांच्या घरचा, हे मला मान्य आहे असा अर्थ झाला असता. मी वकील केला.

माझे वकील मुंबईचे, तरुण, इंग्रजी शिकलेले. “पेटंट म्हणू नका हो,” त्यांनी पहिल्या भेटीत तीनदा बजावलं. “हे डिझाइन आहे.” मग त्यांनी टेबलावर दोन पेपरवेट ठेवून मला कायदा समजावला.

“हे बघा, नवीन डिझाइन म्हणजे जे आधी लोकांपुढे आलेलं नाही ते. तुमच्या पत्नीने काढलं, घरात ठेवलं, ओळखीच्या चार जोशांना विश्वासाने दिलं आणि व्यापाऱ्याने ते चोरलं, असं आपण शाबीत केलं, तर त्याची नोंदणी जाते आणि ते डिझाइन तुमचं होतं. फक्त तुमचं. दुसऱ्या कुणाला छापता येणार नाही.”

“आणि दुसरा पेपरवेट?”

“लोकांनी आधीच बघितलं होतं असं निघालं, तरी त्याची नोंदणी जाते. पण मग ते तुमचंही नाही. कुणाचंच नाही. ज्याला हवं त्याने छापावं.” ते पुढे झुकले. “आधी कुठे दाखवलं होतं का?”

मी जत्रेचं सांगितलं.

वकिलांनी पहिला पेपरवेट हळूच बाजूला सरकवला. “फडक्यात गुंडाळलेलं होतं का?”

“लोकांनी ते कानाला लावलं. फिरवलं.”

“सगळ्या जत्रेने?”

“ज्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं त्यांनी.”

“खोटं बोला असं मी म्हणणार नाही,” वकील म्हणाले. वकील असं म्हणतात तेव्हा पुढचं वाक्य ऐकण्यासारखं असतं. “पण इतकी वर्षं झाली. माणसाला सगळं आठवतंच असं नाही.”

सासरे आता पूर्ण आंधळे झाले होते, मुंबईला येऊ शकत नव्हते. म्हणून कोर्टाने साक्षीसाठी एक कमिशनर खालापूरला पाठवायचं ठरवलं आणि माझी जबानीही तिथंच घ्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी खोपोलीच्या गाडीने निघालो, पुढे छकड्याने सासुरवाडीला पोहोचलो. सासरे ओटीवर बसले होते. घड्याळ त्यांच्या मांडीवर होतं. ते रोज सूर्योदयाला शेजाऱ्याकडून कडं लावून घेत, असं शेजाऱ्याने मला सांगितलं. सासऱ्यांनी नाही.

मी त्यांना दोन पेपरवेटांची गोष्ट सांगितली.

“म्हणजे जावईबापू,” ते म्हणाले, “तो व्यापारी म्हणतो माझी मुलगी नव्हतीच.”

“असं नाही, पण...”

“आणि तुमचे वकील म्हणतात ती होती, पण जत्रेत नव्हती.”

मी ओटीच्या कडेला बसलो.

“ते आकडे तुम्हाला हवेत, ते मी समजतो,” ते म्हणाले. “मला त्यांचा उपयोग नाही. मला दिसत नाहीत. मला तिचा त्या दिवसाचा आवाज आठवतो. मी देवळात खांबाला टेकून होतो.” घड्याळावरून त्यांनी अंगठा फिरवला. “तुमचं तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. कमिशनरसाहेब, त्यांचा कारकून, व्यापाऱ्यांचे वकील, माझे वकील. टेबलावर हिरवं कापड घातलं होतं. कोर्ट कुठेही जाओ, हिरवं कापड बरोबर नेतं, नाहीतर न्याय लाकडाला चिकटतो की काय. साक्ष माझी आणि सासऱ्यांची, इतर कुणाला बोलावलं नव्हतं. म्हणून अर्थात सगळं गाव आलं.

माझ्या वकिलांनी तबकडी कुणी काढली ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, “तयार झाल्यावर घड्याळ कुणाकडे गेलं?”

“सासऱ्यांकडे,” मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

“ठीक. पुढचा प्रश्न...”

“अवं, काय बोलता जावयबापू?” मंडपाच्या कठड्यापासून आवाज आला. कासारीण. “सासऱ्याकडं मागून गेलं. आदी माज्या हातांत व्हतं!”

“गप गं,” गुरव ओरडला. “कोरट हाय त्ये.”

“कोरट आसंल त्याच्या घरी. आमी काय आंदळ्या हाव? तुज्या हातनं तर पुढं आलं, मेल्या, तू उलटं धरलं व्हतंस!”

मंडपात हशा पिकला. कमिशनरसाहेबांनी टेबल ठोकलं. गर्दीच्या मागे ती ठाकरीण उभी होती, डोक्यावर पाटी घेऊन. आता तिचे केस पांढरे झाले होते. ती कुणाला उद्देशून नव्हे, आपल्याशीच म्हणाली, “बाईनं दावलं आमाला. तुझा दिस तू लाव म्हनली.”

ते वाक्य माझ्याशिवाय कुणाला आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

कमिशनरसाहेब माझ्याकडे वळले. “हे लोक म्हणतात त्यात काही तथ्य आहे? घड्याळ लोकांना दाखवलं होतं?”

माझ्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं. ‘आठवत नाही’ हे शब्द तयार होते. ते म्हटले असते की तो पाच, तो सात, ती शेपटी माझ्या घरी परत आली असती. त्यावर दुसऱ्या कुणालाही हात लावता आला नसता. आणि कायद्याच्या लेखी तो दिवस घडलाच नसता.

“होय,” मी म्हणालो. “जत्रेत. सगळ्यांना.”

माझ्या वकिलांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. एवढं पुरे होतं, पण मला थांबता येईना. मी म्हाताऱ्याचं सांगितलं, ‘बोलतंय काय’ म्हणणाऱ्याचं. तिच्या शाईच्या बोटांचं सांगितलं. घड्याळ कुठून कुठे गेलं, ती कशी त्याच्यामागे गर्दीत गेली, मी वहाणा घेऊन कुठे उभा होतो ते दाखवलं. मध्येच कुणीतरी “हा, हा, तितंच” म्हणे, कुणी “नाय, जरा अलीकडं” म्हणून दुरुस्त करी. ती गेल्यापासून मी तिच्याविषयी कुणापाशी बोललो नव्हतो. व्यापाऱ्यांचे वकील हरकत घ्यायला उठले आणि पुन्हा बसले. सासरे खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, “मग ती म्हणाली, फिरून आलं,” आणि खाली बसलो.

कारकुनाने या सगळ्याची जबानी इंग्रजीत एका ओळीत लिहिली. वस्तू सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यात आली होती. मी सही केली.

निकाल लागला. व्यापाऱ्यांची नोंदणी गेली. माझ्या वकिलांनी पोस्टकार्ड टाकलं, ‘आपण जिंकलो’. वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग त्याच कार्डावर खाली लिहिलं होतं की सासऱ्यांनी त्या दिवशी पुराव्यादाखल दिलेलं घड्याळ कोर्टाच्या दप्तरात जमा आहे, परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल. सासरे तोवर वारले होते. घड्याळ त्यांच्या नावचं असल्यामुळे अर्जही त्यांनीच करायला हवा होता, असं मला मागाहून कळलं. ते अजून तिथंच आहे. त्याला कुणी किल्ली देत असेल असं वाटत नाही.

त्यानंतर त्या तबकडीचं जे व्हायचं ते झालं. ज्याला हवं त्याने छापली. आधी मुंबईच्या दुसऱ्या दुकानांनी, मग आणखी कुणी कुणी, मग जपानी मालात. टाइमपीसवर आली, भिंतीवरच्या घड्याळांवर आली, एकदा तर दंतमंजनाच्या जाहिरातीत नुसतं चित्र म्हणून आली. गाडी घाटासाठी थांबली की उतारू माझ्या दुकानापुढे येतात, खिशातून घड्याळ काढतात, आणि कधी कधी त्या अनोळखी तळहातावर तिचा पाच भिंतीला टेकून बसलेला असतो. मी विचारतो, “बघू का जरा?” लोक देतात. घड्याळवाला घड्याळ मागतो यात कुणाला वावगं वाटत नाही. मी बघतो, कपाळाला लावावंसं वाटतं, लावत नाही, परत देतो. मागून इंजिन येऊन भिडतं, दुकान हादरतं, गाडी घाट चढू लागते.

परवाच असं एक दुरुस्तीला आलं. स्वस्तातलं, पत्र्याच्या कवचाचं. काम अर्ध्या दिवसाचं होतं. मी गिऱ्हाइकाला आठवड्याने या म्हणून सांगितलं. ते आता माझ्यापुढे टेबलावर आहे. पाच बरोबर आहे, सात बरोबर आहे. इतक्या छापखान्यांतून फिरूनही नऊच्या शेजारची तीट जागच्या जागी आहे. आज सकाळी सूर्य डोंगराआडून वर आला तेव्हा मी काच उघडली आणि नखाने कडं फिरवायला गेलो.

ते फिरत नाही. तबकडीवर नुसतं छापलेलं आहे, शून्य सहाच्या आकड्यापाशी. या घड्याळात सूर्य रोज सहालाच उगवतो.